वाचकांचे प्रश्न : चौकाजवळ येताना मोटारसायकलचा वेग

या अंकासाठी नाशिकहून आलेली बरीचशी पत्रे एकाच विषयाची होती, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सातपूरला कारखान्यात नोकरी करतो आणि त्र्यंबक रस्त्याने रोज मोटारसायकलवरून जातो-येतो. अपघात चौकात होतात, तर चौकात आपण जितका कमी वेळ राहू तितके बरे, असे माझे मत आहे. म्हणून सिग्नल हिरवा असला की मी वेग कमी करत नाही, उलट थोडा वाढवून पटकन पलीकडे जातो. घरचे यावरून रोज बोलतात. माझे कुठे चुकते ते आकड्यांत सांगितले तर पटेल.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : आपण आकडे मागितलेत हे फार चांगले केलेत, कारण या बाबतीत आकडेच सर्वांत स्पष्ट बोलतात. एखादा मोठा चौक २४ मीटर रुंद आहे असे धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने तो ओलांडायला साधारण २.२ सेकंद लागतात आणि ताशी ६० ने १.४ सेकंद. म्हणजे वेग वाढवून आपण चौकातला पाऊण सेकंदसुद्धा वाचवत नाही.

आता त्या पाऊण सेकंदासाठी काय मोजावे लागते ते पाहू. समोर काही आडवे आल्याचे लक्षात येणे, ब्रेक दाबायचा निर्णय होणे आणि हातपाय हलून ब्रेक प्रत्यक्ष लागणे, एवढ्याला सावध माणसालाही एक ते दीड सेकंद लागतो, आणि तेवढा वेळ गाडी मूळ वेगानेच धावत असते. दीड सेकंद धरला आणि रस्ता कोरडा, टायर व ब्रेक चांगले मानले, तर ताशी ४० वेगाची मोटारसायकल थांबायला सुमारे २७ मीटर घेते: १७ मीटर विचारात आणि १० मीटर ब्रेकवर. ताशी ६० वेगाची मोटारसायकल सुमारे ४८ मीटर घेते: २५ मीटर विचारात आणि २३ मीटर ब्रेकवर. वेग दीडपट झाला, पण ब्रेकचे अंतर सव्वादोन पट झाले, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. आपल्यापुढे २७ मीटरवर एखादी रिक्षा बाजूच्या रस्त्याने अचानक आडवी आली. ४० वर असाल, तर गाडी तिच्यापाशी येऊन थांबेल. ६० वर असाल, तर त्याच जागी आपण जेमतेम ब्रेक दाबायला सुरुवात केलेली असेल आणि गाडी ताशी ५७ च्या आसपास वेगाने रिक्षावर आदळेल. ६० चा वेग ४० पेक्षा २० ने जास्त म्हणून धडकही २० चीच बसेल, असे बहुतेकांना वाटते; प्रत्यक्षात एकाची धडक टळते आणि दुसऱ्याची जवळजवळ पूर्ण वेगाने होते. ५७ च्या वेगाने आपटणे म्हणजे सुमारे १३ मीटरवरून, चार मजल्यांच्या गच्चीवरून, खाली पडणे होय, आणि मोटारसायकलवर आपल्याभोवती पत्र्याचा सांगाडा नसतो.

हिरव्या सिग्नलबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आपल्या शहरातील टायमरच्या सिग्नलवर ती रोज दिसते. आकडा पाच, चार, तीन असा उतरू लागला की मागचे दुचाकीस्वार ॲक्सिलरेटर पिळतात. त्याच वेळी आडव्या रस्त्यावरचे लोक स्वतःचा टायमर पाहून, लाल दिवा जायच्या आतच गाडी पुढे सरकवू लागतात. एकाचा सर्वांत जास्त वेग आणि दुसऱ्याची सर्वांत जास्त घाई चौकाच्या मध्यावर त्याच दोन सेकंदांत एकत्र येतात. हिरवा दिवा आपल्याला जायची परवानगी देतो, समोरचा रस्ता मोकळा असल्याची हमी देत नाही. त्यामुळे आकडा एक अंकी झालेला दिसताच थांबायच्या तयारीने यावे, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. शिफ्ट सुटायच्या वेळी, जेव्हा सगळ्यांनाच घरी जायची घाई असते, तेव्हा तर नक्कीच.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला गंगापूर रस्त्यावरील एका चौकात, समोरून येऊन उजवीकडे वळणाऱ्या कारने धडक दिली. मांडीचे हाड मोडले, अजून तो कुबड्यांवर आहे. भर दुपारची वेळ, रस्ता सरळ, मध्ये कसलाही अडथळा नाही, तरी कारचालक पहिल्यापासून एकच म्हणतो की ‘मला तो दिसलाच नाही’. भावाचा वेग साठच्या आसपास होता हे तो स्वतः मान्य करतो. पण सरळ जाणाऱ्याचा हक्क पहिला ना? मग कारवाला खोटे बोलतो असेच समजायचे का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : आपल्या भावाला लवकर बरे वाटो. सरळ जाणाऱ्या वाहनाला वाट देणे हे वळणाऱ्याचे कर्तव्य होते, याबद्दल दुमत नाही. तरीही तो माणूस खोटेच बोलत असेल असे मी म्हणणार नाही. त्याचे म्हणणे खरे असण्याची शक्यता आहे आणि आपल्याला जास्त काळजी त्याचीच वाटायला हवी.

समोरून पाहिले तर मोटारसायकल ही रस्त्यावरची सर्वांत अरुंद गाडी आहे. समोरून येणारी वस्तू किती वेगाने जवळ येते आहे, हे माणसाचा डोळा मुख्यतः ती किती भराभर मोठी दिसू लागते यावरून ओळखतो. ट्रक लांबूनच मोठा होताना दिसतो. मोटारसायकल अगदी जवळ येईपर्यंत लहानच राहते आणि मग एकदम मोठी होते, म्हणून ती आहे त्यापेक्षा लांब आहे आणि हळू येते आहे असा समज होतो. शिवाय कारच्या पुढच्या काचेच्या कडेला जो खांब असतो, त्याच्या आड एक अख्खा दुचाकीस्वार मावतो, आणि कार वळत असताना तो खांबही त्याच दिशेने सरकत राहतो. चालक पाहत असतो, पण नेमका तेवढा तुकडा त्याला दिसत नाही.

आता यात वेग धरू. कारचालकाने वळण्यापूर्वी एकदा समोर पाहिले तेव्हा आपला भाऊ ७० मीटरवर होता असे समजा. ताशी ४० ने ते अंतर कापायला त्याला ६.३ सेकंद लागले असते, ताशी ६० ने ४.२ सेकंद लागतात. कारला उजवीकडे वळून आडवा रस्ता मोकळा करायला साधारण चार-पाच सेकंद लागतात. शहरातल्या नेहमीच्या वेगाच्या अंदाजाने ‘अजून वेळ आहे’ असे त्या चालकाला वाटले असेल आणि ४० च्या हिशेबाने ते बरोबरही होते. ६० च्या वेगाने त्याचा हिशेब चुकला. हक्क असणे आणि समोरच्याला आपला अंदाज येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चौकात जीव दुसरीवर अवलंबून असतो.

हा अनुभव केवळ आपल्या शहराचा नाही. हॅरी हर्ट यांनी दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातर्फे मोटारसायकल अपघातांचा जो मोठा अभ्यास केला, त्याचा अहवाल १९८१ मध्ये आला. दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन-तृतीयांश अपघातांत त्या वाहनाच्या चालकाने मोटारसायकलचा पुढे जाण्याचा हक्क मोडला होता, आणि असे अपघात सर्वाधिक चौकात झाले होते. त्यांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा आकडा निराळाच आहे: अपघातापूर्वीच्या वेगाचा मध्यक ताशी ४८ किलोमीटरच्या आसपास होता आणि प्रत्यक्ष धडकेच्या वेळचा सुमारे ३५. म्हणजे त्यांतले निम्मे स्वार आपण ज्याला फार वेगात म्हणणार नाही अशाच गतीने चालले होते.

भरपाईसाठी दावा करणार असाल, तर एवढे ध्यानात घ्यावे: मोटार अपघात दावा न्यायाधिकरण दोन्ही बाजूंचा निष्काळजीपणा तपासते आणि जखमीचाही त्यात वाटा दिसला, तर त्या प्रमाणात भरपाई कमी करू शकते. वेग जास्त होता एवढ्यावरून तो वाटा आपोआप ठरत नाही, पण प्रश्न निघणारच. तेव्हा वकिलाला वेगाची गोष्ट लपवून न ठेवता आधीच सांगावी. आणि भाऊ पुन्हा गाडी चालवू लागेल तेव्हा एक करावे: दिवसाही दिवा चालू ठेवावा. एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो. गाडी जुनी असेल, तर तो हाताने लावायचा. मात्र अप्पर नको, डिपरच. अप्परच्या झोतात समोरच्याला आपण किती अंतरावर आहोत हे मुळीच कळत नाही.

प्रश्न : नवीन मोटारसायकल घेतली आहे. शोरूममध्ये सांगितले की हिला एबीएस आहे, कितीही जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होत नाही. मग चौकाजवळ वेग थोडा जास्त असला तर चालेल ना?
— एक विद्यार्थी, कॉलेज रोड

उत्तर : नाही. एबीएस चाक अडकू देत नाही, त्यामुळे घाबरून ब्रेक गच्च दाबला तरी गाडी सहसा घसरत नाही. हा फार मोठा फायदा आहे, आणि म्हणूनच एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सर्व नव्या दुचाकींना तो सक्तीचा झाला. परंतु ब्रेक लागण्यापूर्वीचा तो दीड सेकंद एबीएसला कमी करता येत नाही. पहिल्या उत्तरात ६० वेगाचे जे २५ मीटर विचारात गेले, ते आपल्या नव्या गाडीवरही जातील. टायर आणि रस्ता यांच्यात जेवढी पकड असेल तेवढाच ब्रेक एबीएस वापरू शकतो. जूनच्या पहिल्या सरीने धूळ आणि तेल एकत्र होऊन रस्त्यावर बुळबुळीत थर बसतो, किंवा खोदकामानंतर बुजवलेल्या चरांवर बारीक खडी पसरलेली असते, तेव्हा ती पकडच उरत नाही. सिंहस्थाच्या कामांमुळे हल्ली आपल्या शहरात अशा जागांची काही कमी नाही.

तो दीड सेकंद थोडा कमी करणे मात्र आपल्या हातात आहे. चौक ५०-६० मीटरवर आला की ॲक्सिलरेटर सोडावा, एक गिअर खाली आणावा, उजव्या हाताची दोन बोटे पुढच्या ब्रेकवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर नुसता टेकवून ठेवावा. बोट मुठीवरून ब्रेकवर जाण्याचा वेळ वाचतो. ४० च्या वेगाला सेकंदाचा दहावा भाग म्हणजे एक मीटरपेक्षा जास्त अंतर आहे. गाडी थांबवण्याचे मोठे काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच सगळा भार पुढच्या चाकावर येतो. ‘पुढचा ब्रेक मारला की माणूस उलटतो’ ही भीती अनेकांच्या मनात लहानपणापासून बसलेली असते, आणि ऐनवेळी ते फक्त मागचाच दाबतात. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर, हेल्मेट घालून, आधी २० आणि मग ३० च्या वेगाने दोन्ही ब्रेक एकदम, पण दाब हळूहळू वाढवत लावण्याचा सराव करावा. एबीएस चालू झाल्यावर ब्रेकला जी थरथर जाणवते, तिची ओळख तिथेच होऊ द्यावी. भर चौकात ती पहिल्यांदा जाणवली तर नवशिके घाबरून ब्रेक सोडतात.

प्रश्न : माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. क्लासला जायला तो त्याच्या वडिलांची मोटारसायकल नेतो. ‘सगळेच नेतात’ असे दोघेही म्हणतात. पकडले तर दंड भरू, असे यांचे म्हणणे आहे. मला मात्र तो घरी येईपर्यंत चैन पडत नाही. काय करू?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे आणि कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला, तर त्याचा पालक किंवा वाहनमालक स्वतः दोषी मानला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. अपघातात दुसरा कोणी जखमी झाला, तर विमा कंपनी त्याला दिलेली भरपाई नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. हे सगळे त्याच्या वडिलांना वाचून दाखवा. ‘दंड भरू’ ही समजूत अर्धवट आहे.

मुलाशी बोलताना मात्र कायदा पुढे करू नका. पहिल्या उत्तरातले २७ आणि ४८ मीटर त्याच्याबरोबर पावलांनी मोजा, घरासमोरच्या रस्त्यावर खडूने दोन रेघा ओढा आणि त्याला मधल्या अंतरावरून चालायला लावा. सतराव्या वर्षी मुले उपदेश ऐकत नाहीत, पण डोळ्यांनी पाहिलेले विसरत नाहीत. तोवर सिटीबस, सायकल किंवा वडिलांच्या मागची सीट, आणि मागच्या सीटवरही हेल्मेट.

प्रश्न : रात्री अकरानंतर बरेच सिग्नल नुसते पिवळे लुकलुकतात. द्वारका, मुंबई नाका अशा ठिकाणी तेव्हा आधी कोणी जायचे? आणि सर्कलमध्ये पहिला हक्क कोणाचा?
— एक वाचक, द्वारका

उत्तर : लुकलुकणारा पिवळा म्हणजे वेग कमी करा, पाहा आणि सावधपणे पुढे जा. सर्कलमध्ये जो आधीच आत फिरतो आहे त्याचा हक्क पहिला. बाहेरून येणाऱ्याने त्याला जाऊ द्यायचे. उड्डाणपुलाखालच्या चौकांत पुलाच्या खांबांमुळे आडवा रस्ता शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, म्हणून तिथे खांब ओलांडण्यापूर्वीच वेग २० च्या आत आणावा. रस्ता रिकामा आहे म्हणून चौक रिकामा असेल असे धरू नये. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे नाशिक-औरंगाबाद मार्गावर नांदूर नाक्याजवळच्या चौकात खासगी प्रवासी बस आणि ट्रक यांची धडक होऊन बस पेटली आणि १२ जणांचा मृत्यू झाला, तेव्हाही रहदारी तुरळकच होती. मोठी वाहने रात्री आणि पहाटे लांबून वेगात येतात आणि ती आपल्यासाठी थांबू शकतील इतके अंतर त्यांच्याजवळ नसते, तेव्हा त्यांचे दिवे दिसले की ते निघून जाईपर्यंत आपण डाव्या बाजूला उभे राहावे.