गणितात पहिली येते, म्हणून गणितच घेऊ का?

तुझं पत्र दोनदा वाचलं. शाळेत गणितात कायम पहिली. पण गेल्या महिन्यात एका स्पर्धा परीक्षेत सहापैकी एकच प्रश्न सुटला, आणि तेव्हापासून ‘मी खरंच हुशार आहे की नुसती सराव करणारी?’ हा प्रश्न डोकं खातोय. विद्यापीठात गणित घ्यावं की कॉम्प्युटर सायन्स, हे महिनाभरात ठरवायचंय. बाबांचं म्हणणं, गणित घेऊन शेवटी मास्तरकीच करशील.

आधी गुणांचं बोलू, कारण तुझ्या पत्रात ते तीन वेळा आलेत. शाळेत पहिली येणं आणि त्या परीक्षेत पाच प्रश्न अडणं, या दोन्हींवरून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. शाळेत रीत शिकवलेली असते, ती न चुकता वापरायची. स्पर्धेत वेळेचा काटा मानेवर असतो. विद्यापीठातलं गणित दोन्हींपेक्षा वेगळं आहे. ते आवडेल का, हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

तर एक कागद घे. वर्तुळ काढ, त्यावर दोन बिंदू घे आणि जोड. वर्तुळाचे दोन भाग झाले. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू बाकीच्या प्रत्येकाशी जोडलास तर चार भाग. चार बिंदूंना आठ, पाचांना सोळा. आता सहा बिंदूंना किती? हात आपोआप ३२ लिहायला जातो. काढून मोज. जास्तीत जास्त ३१ होतात. (बिंदू अगदी समान अंतरावर घेतलेस तर ३०च भरतील. मोजण्यात चूक झाली असं समजू नकोस, मधोमध तीन रेषा एकाच बिंदूतून जातात म्हणून तसं होतं.)

तो एक भाग गेला कुठे? हे वाचून ‘बरं, लक्षात ठेवते, ३१’ असं वाटलं, की ‘थांबा, असं कसं?’ म्हणत पेन्सिल उचललीस? विद्यापीठातली गणिताची पदवी म्हणजे बरीचशी ही दुसरी प्रतिक्रिया, तीन-चार वर्षं, रोज. आकडेमोड कमी होते, सिद्धता वाढतात. दहा उदाहरणांत खरं ठरलं म्हणून खरं, हे तिथे चालत नाही. न² + न + ४१ या सूत्रात ०पासून ३९पर्यंत कोणतीही संख्या घाल, दर वेळी मूळ संख्या मिळते. ४० घातलीस की १६८१ येतात, म्हणजे ४१ गुणिले ४१. चाळीस वेळा खरं आणि एकेचाळिसाव्या वेळी खोटं!

पहिल्या वर्षी हा बदल भल्याभल्यांना जड जातो. मीही गणिताचीच पदवी घेतली. लिमिट (एखादी राशी कोणत्या संख्येच्या जवळ जवळ जात राहते ते शोधणं) मला ‘येत’ होती, म्हणजे उत्तरं काढता येत होती. रिअल ॲनालिसिसच्या, म्हणजे अशा कल्पना काटेकोरपणे सिद्ध करणाऱ्या विषयाच्या, पहिल्याच आठवड्यात सरांनी विचारलं, ‘जवळ जाते म्हणजे नेमकं काय?’ आणि सगळा वर्ग गप्प. पहिल्या चाचणीत मला शंभरपैकी ३८ मिळाले. पुढे कळलं, की न्यूटन आणि लायब्निझ यांनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस, म्हणजे सतत बदलणाऱ्या राशींचं गणित, उभं केलं तेव्हा त्यांच्याकडेही या प्रश्नाचं पक्कं उत्तर नव्हतं. ते कोशी आणि वायरश्ट्रास या गणितज्ञांच्या हातून एकोणिसाव्या शतकात आलं. ज्याला एवढा काळ लागला ते मला पहिल्या आठवड्यात कळलं नाही, यात नवल ते काय!

आता बाबांचा मुद्दा. तो निव्वळ गैरसमज आहे असं मी म्हणणार नाही. शुद्ध गणितात संशोधन करून पोट भरणाऱ्या जागा थोड्या असतात आणि तिथवरचा रस्ता लांब असतो. पण पदवीनंतर सगळेच त्या रस्त्याला जात नाहीत. विमा कंपन्यांत ॲक्च्युअरी (जोखमीचा हिशेब मांडणारे), संख्याशास्त्र, वित्त, डेटाचं काम, सायबर सुरक्षा या सगळीकडे गणितवाले दिसतात. मूळ संख्यांचा अभ्यास माणसं दोन हजारांहून जास्त वर्षं मुख्यतः कुतूहलापोटी करत होती. १९७७ साली रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांनी त्यातूनच संदेश कुलूपबंद करायची पद्धत काढली. पण नुसत्या पदवीवर विसंबू नकोस. प्रोग्रॅमिंग आणि संख्याशास्त्र सोबत हवंच. आणि मास्तरकी म्हणाल, तर ती कमी लेखण्यासारखी गोष्ट आहे असं मला तरी वाटत नाही.

कॉम्प्युटर सायन्स की गणित, याचा माझा कौल असा: काही तरी बनवून ते चालताना पाहण्यात तुला जास्त मजा येत असेल तर कॉम्प्युटर सायन्स घे, गणित तिथेही भरपूर भेटेल. ‘का’ कळल्याशिवाय चैन पडत नसेल तर गणित घे. पुढे गणिताकडून कॉम्प्युटरकडे वळणं सहसा सोपं जातं, उलट दिशेने जास्त अवघड. दोन्ही विषय एकत्र घेता येत असतील तर मी तिकडेच झुकेन. अर्ज भरण्याआधी पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम नीट वाच, आणि वर्षाअखेरीस विषय बदलता येतो का हे लेखी विचारून घे.

आणि त्या ३१च्या मागे दोन संध्याकाळ लाग. उत्तर कुठेही शोधू नकोस. एक धागा देते: नवी रेषा काढताना ती जुन्या रेषांना किती ठिकाणी छेदते ते मोज. मग मला लिही. सुटलं तर कसं ते, नाही सुटलं तर कुठे अडलं आणि दुसऱ्या संध्याकाळी कागद पुन्हा उघडावासा वाटला का, तेही. बाबांनाही एक वर्तुळ काढून दे, बघू ते ३२ म्हणतात का.