साताऱ्यात अलॉय व्हीलला ओरखडा न पाडता टायर बदलून देणारं दुकान कसं ओळखायचं?

दुकानाच्या नावापेक्षा मशीन बघा. पोवई नाक्यापासून हायवेपर्यंत टायरवाले भरपूर आहेत. गाडी बाजूला लावून आधी दुसऱ्या कुणाचं काम चाललेलं बघत उभं राहा. रिम धरणाऱ्या जबड्यांवर आणि टायर उचकटणाऱ्या मुंडीवर प्लॅस्टिकची कव्हरं आहेत का? ती झिजून लोखंड उघडं पडलं असेल तर चहा पिऊन माघारी फिरा. टायरच्या कडेला साबणाची पेस्ट लावतात का, हेही बघा. कोरडा टायर ओढला की टायरची कड फाटू शकते आणि रिमलाही ओरखडा पडू शकतो. टॉमीने (हाताने टायर उचकटायच्या लोखंडी पट्टीने) काम करणारा पोरगा कितीही हुशार असला तरी अलॉय त्याच्या हाती नको.

बॅलन्सिंगला (चाक थरथरू नये म्हणून वजनं लावतात त्याला) रिमच्या कडेवर ठोकून बसवायची वजनं नकोत, आतून चिकटवायची मागा. ५० च्या खालच्या प्रोफाइलचा, म्हणजे बुटक्या भिंतीचा टायर असेल (टायरवर २०५/४५ असं लिहिलेलं असतं, त्यातला दुसरा आकडा) तर मशीनला टायर दाबून धरणारा जादा आर्म हवाच.

नट आधी हाताने चढवायचे, मग समोरासमोरचे आवळायचे, शेवटी टॉर्क रेंच (ठरावीक जोरापर्यंतच आवळणारा पाना); किती जोर लावायचा तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. थेट गनने (नट आवळायच्या मशीनने) ठोकत सुटला तर सरळ थांबवा, राग आला तर येऊ दे. ५०–१०० किमी चालल्यावर नट पुन्हा तपासून घ्या.