७० मिलिमीटरनंतरची दुर्बीण : जुनी घेताना काय बघशील?

भावा, ७० मिलिमीटरच्या दुर्बिणीतून शनीची कडी बघून झाली आणि आता मोठी हवी झाली, हे फार चांगलं झालं. जुनी घे, बिनधास्त.

सगळ्यात आधी व्यास बघ, म्हणजे भिंग किंवा आरसा किती रुंद आहे ते. '५०० पट मोठं दिसेल' असली जाहिरात दिसली की ती दुर्बीण सोडून पुढं चल. माझं ऐकशील तर ६ किंवा ८ इंची डॉब्सोनियन, म्हणजे हातानं फिरवायच्या साध्या स्टँडवरची आरशाची दुर्बीण. ८ इंची आरसा तुझ्या आताच्या भिंगाच्या सुमारे आठपट प्रकाश गोळा करतो.

बघायला गेलास की:

- आरशावर टॉर्च तिरका मार. धूळ चालते, ती पुसायला अजिबात जाऊ नको. मुलामा काळवंडलेला किंवा उडालेला असेल तर मात्र नको. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ओल फार, म्हणून आयपीसच्या (डोळा लावायच्या छोट्या नळीच्या) भिंगात बुरशीचं जाळं आहे का तेही तपास.
- स्टँड हलवून बघ. डुगडुगत असेल तर चांगला आरसाही वाया.
- रात्री एखादा तारा बघितल्याशिवाय पैसे देऊ नको. आरसे थोडे सरकलेले असतील तर स्क्रूनं जुळवता येतात, तेवढ्यासाठी सौदा मोडू नको.

८ इंचीची नळी साधारण सव्वा मीटर लांब असते. जिन्यावरून उतरेल, गाडीत बसेल, शहराच्या उजेडातून पन्हाळ्याकडं नेता येईल एवढीच घे. घरात पडून राहणारी मोठी दुर्बीण काय कामाची?

मोटर, फोटोग्राफी सध्या राहू दे. उरलेल्या पैशात २५ मिलिमीटरचा एक चांगला आयपीस घे. तेजोमेघ आणि तारकागुच्छांसाठी तोच जास्त लागतो.