दोन वर्षांपूर्वी एसीएल तुटलं, आता दुखत नाही पण गुडघा सटकतो. ऑपरेशन करावं का?

कबड्डीत पाय मुरगळला, तेव्हा ऑपरेशन टाळलंत, आता सरळ चालताना त्रास नाही, पण वळताना आणि जिना उतरताना गुडघा सटकतो, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझं स्पष्ट मत: दुखतंय की नाही यावर ठरवू नका, सटकतंय की नाही यावर ठरवा.

एसीएल म्हणजे गुडघ्यातली दोन हाडं बांधून ठेवणारा दोर, लिगामेंट. ते नडगीच्या हाडाला पुढे सरकू देत नाही. पेशंटला झोपवून, गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढली की चांगल्या पायात ती टक्कन अडते. जुन्या तुटलेल्या गुडघ्यात ती नुसती सरकत येते, अडल्याचं हाताला जाणवतच नाही. असा गुडघा सटकतो तेव्हा आतल्या बाजूची गादी (मेनिस्कस) दोन हाडांमध्ये चिरडली जाते. गादी फाटली की कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, झिजायला लागते, आणि झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. म्हणून सटकणाऱ्या गुडघ्यावर खेळत राहणं मला फार धोक्याचं वाटतं.

इतक्या जुन्या इजेत तुटलेली टोकं शिवून सहसा भागत नाही. तुमच्याच मांडीमागचा किंवा वाटीखालचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) घेऊन दुर्बिणीने नवं लिगामेंट बसवतात. ब्रिटनमध्ये अशाच जुन्या इजांच्या 316 रुग्णांवर अभ्यास झाला, 2022 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. ऑपरेशनवाल्यांचा गुडघा दीड वर्षाने जास्त चांगला होता. नुसत्या व्यायामाच्या गटातल्या 41 टक्के लोकांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं. बाकीच्यांचं व्यायामावर निभावलं, हेही खरं. कबड्डी सोडायची तयारी असेल आणि व्यायामाने सटकणं थांबलं, तर तोही मार्ग चांगला.

ऑपरेशन ठरलं तर आधी गुडघा पूर्ण सरळ होऊ द्या आणि बारीक झालेली मांडी भरून काढा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, आजपासूनच. पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले असतील तर उभं राहून पूर्ण पायाचा एक्स-रे काढायला सांगा, कारण वाकडेपणा तसाच राहिला तर नव्या लिगामेंटवर ताण येतो. नंतर मॅटवर उतरायला किमान नऊ महिने. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दुखणं ओसरतं, पण नेमकं तेव्हाच नवं लिगामेंट सर्वांत कमकुवत असतं, आणि पोरं तेव्हाच धावायला लागतात.

दोन वर्षांपूर्वीच्या एमआरआयवर विसंबू नका, नवा काढा. त्यात गादीबद्दल ‘बकेट हँडल’ (फाटलेला तुकडा बादलीच्या कडीसारखा सुटलेला) असं लिहिलेलं असेल किंवा गुडघा मध्येच अडकून सरळ होत नसेल, तर त्याच आठवड्यात सर्जनला गाठा.