टेक्निकल रायटिंगचं ऑनलाइन सर्टिफिकेट: दोन लाख भरायच्या आधी

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मोठं आहे, त्यातलं कामाचं तेवढं आधी इथे सांगतो म्हणजे बाकीच्या पालकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही गुहागर तालुक्यातल्या. लेक चिपळूणला बीएस्सी केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला, इंग्लिश चांगलं, तिला अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीचा टेक्निकल रायटिंगचा ऑनलाइन सर्टिफिकेट प्रोग्राम करायचाय, नऊ महिन्यांचा, फी सव्वादोन हजार डॉलर म्हणजे आपले दोन लाखांच्या घरात. मिस्टर लोटे औद्योगिक वसाहतीतल्या केमिकल कंपनीत ऑपरेटर. मुंबईचे दीर म्हणतायत असलं काही नसतं, गुपचूप बीएड करू दे. तुम्ही विचारलंयत की ही खरोखरची नोकरी आहे का, सर्टिफिकेटला इथे कोण विचारतं, घरी बसून काम मिळेल का, आणि शेवटी घाईघाईत एक ओळ, "एआय हे सगळं खाऊन टाकणार नाही ना".

नोकरी खरी आहे. पैसे मात्र आत्ता भरू नका. का ते सांगतो.

हे काम काय असतं ते समजायला अमेरिकेत जायची गरज नाही, मिस्टरांनाच विचारा. त्यांच्या प्लांटमध्ये प्रत्येक कामाची एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याच्या लेखी सूचना, असते, भिंतीवर नाहीतर फाइलमध्ये. त्यात हमखास एक वाक्य सापडेल, "चार्जिंग करताना टेंपरेचर वाढणार नाही याची योग्य ती काळजी घ्यावी". (चार्जिंग म्हणजे रिअॅक्टरमध्ये कच्चा माल घालणं.) आता रात्रपाळीला नवीन आलेल्या पोराने यातून काय समजायचं? किती वाढलं म्हणजे वाढलं, काळजी म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायचा की कूलिंग वाढवायचं की सुपरवायझरला फोन करायचा? तेच कोणी असं लिहिलं की "टेंपरेचर ४० डिग्रीच्या वर गेलं तर आधी फीड व्हॉल्व्ह बंद करा, मग जॅकेटचं कूलिंग पूर्ण उघडा, मग शिफ्ट इनचार्जला कळवा" (जॅकेट म्हणजे रिअॅक्टरभोवतीचं थंड करायचं आवरण; आकडे समजायला म्हणून घेतलेत, प्रत्येक प्रोसेसचे वेगळे असतात) तर झालं टेक्निकल रायटिंग. भाषा अलंकारिक नको, उलट जेवढी साधी तेवढी भारी. आणि हे लिहायला इंग्लिशपेक्षा आधी प्रोसेस कळावी लागते, इंजिनिअरच्या मागे लागून "हे असं का" विचारत बसावं लागतं. तुमच्या लेकीला प्रश्न विचारायची लाज वाटत असेल तर हे क्षेत्र जड जाईल, एवढं आधीच सांगून ठेवतो.

केमिकल कंपन्यांत अजून एक कागद असतो, सेफ्टी डेटा शीट, एसडीएस, म्हणजे त्या केमिकलचे धोके आणि घ्यायची काळजी सांगणारा, जुनी माणसं अजून एमएसडीएस म्हणतात. त्याचे १६ भाग ठरलेले, जगभर तोच क्रम, चौथ्यात प्रथमोपचार, पाचव्यात आग लागली तर काय, आठव्यात ग्लोव्हज-मास्क वगैरे. माल युरोपला जायचा असेल तर त्यांच्या नियमाप्रमाणे तो बनवून द्यावाच लागतो. तो लिहिणाऱ्याला केमिस्ट्री यावीच लागते, बीए इंग्लिशवाल्याला ते जमणं कठीण. म्हणून दीरांना सांगा, असलं काही असतं, आणि त्यांच्या भावाच्याच कंपनीत असतं, फक्त तिथे त्या पोस्टचं नाव टेक्निकल रायटर नसून डॉक्युमेंटेशन, क्यूए (क्वालिटी अॅश्युरन्स) किंवा रेग्युलेटरी (सरकारी नियमांची कागदपत्रं) असं काहीतरी असतं. लेकीने नोकऱ्या शोधताना हे शब्दही टाकून शोधावं, नुसतं टेक्निकल रायटर टाकलं तर निम्म्या जागा दिसणारच नाहीत.

दुसरी बाजू सॉफ्टवेअरची, पुणे, बेंगळुरू, हैदराबाद. तिथे यूजर गाइड, इन्स्टॉलेशन गाइड, रिलीज नोट्स, एपीआयचं (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची सोय) डॉक्युमेंटेशन. त्यासाठी मार्कडाउन (साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची पद्धत), गिट (फाइलमधले बदल सांभाळणारं सॉफ्टवेअर), थोडं एचटीएमएल, मोठ्या कंपन्यांत डिटा (DITA) नावाची एक्सएमएल पद्धत, मॅडकॅप फ्लेअर, फ्रेममेकर असली सॉफ्टवेअर. नावं ऐकून घाबरू नका, मार्कडाउन एका दुपारी येतं, गिटला वायच वेळ लागतो.

आता सर्टिफिकेट. हा डिप्लोमा नाही आणि डिग्री तर नाहीच. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांचा एक वेगळा विभाग असतो, एक्स्टेन्शन किंवा कंटिन्यूइंग एज्युकेशन म्हणतात, नोकरी करणाऱ्या लोकांसाठी संध्याकाळचे कोर्स चालवतो, हे प्रोग्राम बहुतेक तिथले. युनिव्हर्सिटी खरी असते, शिक्षकही बरेचदा त्याच धंद्यातले असतात, फसवणूक नाही. पण बीएडला, एमपीएससीला, बँकेच्या परीक्षेला याचा शून्य उपयोग, आणि पुण्यातला एचआर युनिव्हर्सिटीचं नाव बघून क्षणभर भुवया उंचावेल आणि पुढचं वाक्य बोलेल, "सॅम्पल्स दाखवा". तिथे खरी परीक्षा. या धंद्यात तुम्ही काय लिहिलंय ते मागतात.

मग दोन लाख कशाचे? माझ्या मते एकाच गोष्टीचे, तुमचं लिखाण कोणीतरी जाणकार माणूस ओळ न ओळ वाचून लाल करून परत देतो, आणि तुम्ही ते पुन्हा लिहिता. व्हिडिओ, नोट्स, क्विझ यांना एक पैसा द्यायची गरज नाही, ते सगळं फुकट पडलंय. म्हणून लेकीला सांगा, त्या प्रोग्रामच्या ऑफिसला ईमेल कर आणि विचार की एका कोर्सला किती असाइनमेंट, त्यावर लेखी फीडबॅक कोण देतं, शिक्षक की ऑटोमॅटिक ग्रेडिंग, एका बॅचला मुलं किती, आणि दुरुस्त करून पुन्हा द्यायची सोय आहे का. उत्तर गोलमोल आलं तर विषय संपला.

हेही विचारायला सांगा की क्लास लाइव्ह आहेत की रेकॉर्डेड. न्यूयॉर्कच्या बाजूचा संध्याकाळी सातचा क्लास म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेचार, आणि हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेपाच. पोरगी उठेल हो, पण जुलैत पहाटे साडेचारला तुमच्याकडे लाइट आणि रेंज दोन्ही असतील का ते तुम्हीच सांगा. आणि फी डॉलरमधे आहे, कार्डाने भरली तर बँक वरून दोन ते साडेतीन टक्के मार्कअप लावते, सॉफ्टवेअरचं लायसन्स फीमध्ये आहे की वेगळं, तेही बघा. ट्रायल व्हर्जन महिनाभराने बंद पडतं आणि प्रोजेक्ट अर्धा राहतो.

अजून एक खूण. बऱ्याच प्रोग्रामच्या माहितीत एसटीसी म्हणजे सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशनचं नाव अभिमानाने लिहिलेलं असतं, मेंबरशिप मिळेल, त्यांच्या परीक्षेची तयारी होईल वगैरे. ही संस्था १९५३ पासूनची, मोठं नाव होतं, पण जानेवारी २०२५ मध्ये दिवाळखोरी जाहीर करून बंद झाली. तुमच्या लेकीने पाठवलेल्या माहितीपत्रकात ते नाव अजून असेल तर समजायचं की पत्रक कोणी वर्षभर उघडून बघितलेलं नाही, आणि मग अभ्यासक्रम तरी कधी बघितला असेल.

मी सांगतो ते असं. आत्ता परीक्षा होऊ द्या, मग तीन-चार महिने तिला फुकटच्या गोष्टी करू द्या. गूगलचे टेक्निकल रायटिंग वन आणि टू हे कोर्स मोफत आहेत, मूळ त्यांच्या इंजिनिअर लोकांसाठी बनवलेले, आठवडाभरात होतात. मायक्रोसॉफ्टची रायटिंग स्टाइल गाइड आणि गूगलची डेव्हलपर डॉक्युमेंटेशन स्टाइल गाइड दोन्ही ऑनलाइन मोफत, त्या वाचायच्या नाहीत, लिहिताना उघड्या ठेवायच्या. आणि विमानाच्या मेंटेनन्स मॅन्युअलसाठी एक ठरवलेलं सोपं इंग्लिश आहे, सिम्प्लिफाइड टेक्निकल इंग्लिश, त्यात तांत्रिक शब्द सोडले तर साधारण नऊशे शब्दांचीच परवानगी, कामाच्या सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या वर न्यायचं नाही, एका वाक्यात एकच सूचना. त्याचे नियम तिने नक्की बघावेत. आपल्या मुलांना शाळेपासून लांबलचक इंग्लिश लिहिलं की मार्क मिळतात असं वाटत आलेलं असतं, ती सवय मोडायला याच्यासारखं औषध नाही.

आणि लिहायचं काय, तर घरातलं. तुम्ही लिहिलंयत बागेत ग्रास कटर आहे. त्याचं मॅन्युअल शोधा, सापडलंच तर, आणि तिला नव्याने लिहायला लावा. पेट्रोलमध्ये टूटी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनचं) किती? बागेतला गडी अंदाजाने ओततो आणि मग इंजिन जाम होतं. काही मशीनला लिटरला ४० मिली लागतं, काहींना २० मिलीच, म्हणजे मॉडेल बघून आकडा द्यायला हवा, "योग्य प्रमाणात" चालणार नाही. मग ब्लेड. "इंजिन सुरू करा. सुरू करण्यापूर्वी ब्लेड जमिनीला टेकलेलं नाही याची खात्री करा" असं मी छापील कागदावर वाचलेलं आहे, म्हणजे वाचणाऱ्याने दोरी ओढल्यावर त्याला कळणार की ओढायची नव्हती. सूचना धोक्याची असेल तर ती कामाच्या आधी आली पाहिजे, आणि डेंजर, वॉर्निंग, कॉशन हे तीन शब्द मनाला येतील तसे वापरायचे नसतात, जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईलच तिथे डेंजर, होऊ शकेल तिथे वॉर्निंग, किरकोळ किंवा मध्यम दुखापत होऊ शकेल तिथे कॉशन, असा अमेरिकेतल्या स्टँडर्डचा हिशोब आहे.

लिहून झालं की ते कागद घेऊन ज्याने ग्रास कटर कधी चालवलेला नाही अशा माणसाला द्यायचे आणि तिने गप्प बाजूला उभं राहायचं, एक शब्द सांगायचा नाही. तो कुठे अडतोय, कुठे वर बघतोय, ते टिपायचं आणि तेवढं पुन्हा लिहायचं. (पेट्रोलची टाकी रिकामी ठेवून आणि ब्लेड काढून हो, उगाच माझ्या नावाने शंख नको.) असे तीन-चार नमुने हवेत: एक मशीनचं, एक प्रयोगशाळेतल्या एखाद्या टायट्रेशनची एसओपी, एक मोबाइल ॲप कसं वापरायचं याचं. गिटहब या वेबसाइटवर टाकले की तोच तिचा बायोडाटा. फक्त मिस्टरांच्या कंपनीचे खरे कागद अजिबात वापरू नका, ते कंपनीच्या मालकीचे असतात आणि नोकरीवर बेतेल.

हे करून तिला मजा आली आणि "आता हे कोणीतरी तपासून द्यायला हवं" असं तिला स्वतःहून वाटलं, तर मग सर्टिफिकेटचा विचार करा, तेव्हा दोन लाखांतलं काहीतरी वसूल होईल. तीन महिन्यांत एकही नमुना झाला नाही तर काय ते कळलंच, आणि फी वाचली.

एआयचं खोटं सांगत नाही. साधे यूजर गाइड, पहिला मसुदा, भाषा नीट करणं हे मशीन आता करतं, आणि त्यामुळे नुसतं इंग्लिश चांगलं म्हणून घेतलेल्या फ्रेशरना पूर्वीसारखी जागा राहिलेली नाही. पण त्या मशीनला ४० डिग्री कुठून आले ते विचारा, ते ठोकून देतं आणि आत्मविश्वासाने देतं. प्लांटमध्ये जाऊन, ऑपरेटरला विचारून, आकडा तपासून सही करणारं माणूस लागतंच, कारण उद्या काही झालं तर जबाबदारी कोणावर तरी टाकायची असते. म्हणून मी पुन्हा पुन्हा केमिस्ट्रीवर येतोय. तिने ती सोडून नुसत्या सॉफ्टवेअरच्या मागे लागू नये, तिथे कॉम्प्युटर इंजिनिअर मुलांशी स्पर्धा आहे. एमएस्सी करायची तयारी असेल तर अजून चांगलं, हे सगळं सोबत होऊ शकतं.

घरी बसून काम, पहिल्याच दिवसापासून, नाही. अनुभवी लोकांना मिळतं, फ्रेशरला क्वचित, कारण सुरुवातीला शेजारी बसूनच शिकायचं असतं. पहिली दोन वर्षं पुणे, मुंबई किंवा लोटे-महाड पट्टा धरून चाला. लोट्याचा तर विचार आधीच करा, मिस्टर तिथे ओळखीत आहेत, डॉक्युमेंटेशन किंवा क्यूएमध्ये सहा महिन्यांची ट्रेनी म्हणून जरी घेतलं तरी ती त्या अमेरिकन सर्टिफिकेटपेक्षा जास्त शिकेल असं माझं स्पष्ट मत आहे. पगार सुरुवातीला फार नसेल, कंपनीप्रमाणे फरक पडतो, आकडा सांगून तुम्हाला आशेला लावत नाही.

बीएडबद्दल एवढंच, पोरीला शिकवायची आवड असेल तर उत्तम, नसेल तर दीरांच्या समाधानासाठी दोन वर्षं घालवू नका. हे त्यांना माझ्या नावाने सांगितलंत तरी चालेल.

युनिव्हर्सिटीला ईमेल लेकीनेच लिहायचा, तुम्ही किंवा मी नाही. पाठवायच्या आधी मला एकदा दाखवायला सांगा. पाच प्रश्न, पाच छोटी वाक्यं, वर एक ओळ की मी कोण, खाली नाव. दीड पानाचा ईमेल आला तर तसाच परत पाठवणार आहे.