लिंबानं न जाणारा वास

"मॅडम, हाताचा मासळीचा वास लिंबानं जातो. हा काही केल्या जात नाही."

बाई पस्तिशीची, बंदरावर मासळी विकणारी. नवरा ट्रॉलरवर खलाशी. (ओळख पटेल असं सगळं बदललंय.) जुलै होता, म्हणजे १ जूनपासूनची मासेमारीबंदी चालू, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या. आधी तिला वाटलं, धंद्याचाच वास. पण टोपली पालथी पडून महिना झाला, तरी वास तसाच. अंगावरून पातळ, राखाडीसर पांढरं जात होतं. खाज नाही, दुखत नाही. नवरा जवळ आला की वास वाढायचा, म्हणून ती साबण आणि जंतुनाशकाचं पाणी घेऊन दिवसातून दोनदा आतून धुवायची.

मग आवाज खाली आणून म्हणाली, "त्यानं बाहेरून काही आणलं असेल का?"

मी तिला विरजणाचं उदाहरण दिलं. योनीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जंतू राहतात, दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच. ते आम्ल तयार करतात, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), साधारण ३.८ ते ४.५ राहतो आणि त्या आंबटपणात बाकीचे जंतू माजत नाहीत. साबण अल्कधर्मी. आतून धुतलं की विरजणच वाहून जातं. मग दुसरे जंतू वाढतात आणि ट्रायमिथाइलअमाइन तयार करतात. शिळ्या मासळीला वास येतो तो याच रसायनाचा. तेव्हा तिचं नाक खोटं बोलत नव्हतं. वीर्यही अल्कधर्मी असतं, त्यानं हा वास उसळतो. पाळीच्या रक्तानंही तेच होतं.

"म्हणजे दही लावू?" हे मला दर महिन्याला कोणीतरी विचारतं. नको. ते जंतू वेगळे, आणि दही खायला असतं.

डॉक्टरांनी तपासलं. पीएच ४.५ च्या वर होता. निदान झालं बॅक्टेरियल व्हजायनोसिसचं, म्हणजे योनीतल्या जंतूंचा तोल बिघडल्याचं. सात दिवस मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या. एचआयव्हीची तपासणीही केली, कारण आतलं हे संरक्षण ढळलं की एचआयव्ही आणि गनोरियासारखे संसर्ग लागणं सोपं होतं. निगेटिव्ह आली.

नवऱ्याबद्दल मी तिला सरळ सांगितलं, की या त्रासावरून त्याच्या वागण्याचा पुरावा काढता येत नाही. नवा किंवा अनेक जोडीदार असले की धोका वाढतो हे खरं, पण एकाच नवऱ्याच्या बाईलाही हे होतं. आतून धुणं हेही कारण, सिगारेट हेही. मात्र जोडीदाराचा संबंधच नाही, असंही मी म्हणत नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात पुरुषालाही गोळ्या आणि मलम दिलं, तेव्हा बारा आठवड्यांत त्रास उलटण्याचं प्रमाण ६३ वरून ३५ टक्क्यांवर आलं. तिचा त्रास परत आला तर नवऱ्यालाही डॉक्टरांकडे आणायचं, एवढं ठरलं. तोपर्यंत निरोध.

गोळ्या तिनं निमूट घेतल्या. धुणं सोडणं मात्र जड गेलं. बाहेरून साधं पाणी पुरे, हे तिला पटेना. "घाणेरडं वाटतं हो." तिसऱ्या भेटीत मी विचारलं, "डोळे साबणानं आतून धुता का?" तेव्हा पहिल्यांदा हसली.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी गेल्या, तशी ती पुन्हा आली, वास गेल्याचं सांगायला. मागे दारात तिची जाऊ उभी होती.

"हिनंच मला ती बाटली दिली होती," ती म्हणाली. "आता हिला बसवते तुमच्यापुढं."