पुण्याच्या निवडणुकीत समलिंगी मतदारांना कोणी विचारतं का?

गठ्ठा मत म्हणून नाही. मतदार यादीत पुरुष, स्त्री, तृतीयपंथी एवढंच कळतं; कोण कुणावर प्रेम करतं याचा रकाना नाही. मग उमेदवार मोजणार काय?

मुद्दा मात्र हळूहळू आत शिरलाय. सुप्रिया सुळेंनी (पुण्याचा खडकवासला भाग त्यांच्याच बारामती लोकसभा मतदारसंघात) 2022 मध्ये समलिंगी विवाहासाठी खासगी विधेयक मांडलं. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चेंडू संसदेकडे टोलवला आणि 2024 च्या काँग्रेस जाहीरनाम्यात अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता देण्याचं आश्वासन आलं.

पण आमच्या सोसायटीत आलेल्या कार्यकर्त्याला मी तेच विचारलं, तर तो पत्रक हातात कोंबत म्हणाला, "काका, पाण्याचं बोला ना!"